आगलावे काकांचा राउटर

आगलावे काकांच्या घरी कोणी गेलं की ते आधी पाणी विचारत नाहीत, फोन मागतात. त्यांना कुणाला फोन करायचा नसतो. ते पाहुण्याचा मोबाईल हातात घेतात, उलटसुलट करून बघतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "याची नोंद आहे का आपल्याकडे?"

वारज्याच्या या सोसायटीत मी राहायला आले त्याला आता चार वर्षं होतील. चौथ्या मजल्यावर दोनच दारं, एक माझं आणि समोरचं काकांचं. पहिल्या आठवड्यात ओळख करून घ्यावी म्हणून मी डबाभर नारळाच्या वड्या घेऊन गेले. काकूंनी वड्या घेतल्या, काकांनी फोन घेतला. सेटिंगमध्ये शिरून त्यांनी माझ्या फोनचा बारा अक्षरी पत्ता शोधून काढला. प्रत्येक यंत्राला असा एक जन्मजात पत्ता असतो, हे सॉफ्टवेअर कंपनीत पंधरा वर्षं काढूनही मला धड माहीत नव्हतं. काकांनी तो पत्ता एका लांबलचक रजिस्टरात उतरवला. पुढे माझं नाव, येण्याची वेळ, भेटीचं कारण. कारणाच्या रकान्यात त्यांनी "वड्या" असं लिहिलं. मग आतल्या खोलीत जाऊन आले आणि म्हणाले, "मृदुलाताई, तासाभराचा पास दिलाय. वाढवून हवा असेल तर आधी सांगायचं." मी इंटरनेट मागितलंच नव्हतं, हे सांगायचं राहून गेलं.

काका खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात सुरक्षा विभागात होते. चौतीस वर्षं गेटवर काढली. दारूगोळ्याचा कारखाना आणि आडनाव आगलावे. पहिल्या दिवशी साहेबांनी कागदावरचं नाव दोनदा वाचून "दुसरीकडे कुठे जमलं नाही का तुम्हाला?" असं विचारलं होतं, हे काका अजूनही कौतुकाने सांगतात. आत जाणाऱ्याची काडेपेटी काढून घ्यायची, बाहेर पडणाऱ्याची पिशवी बघायची आणि दोन्हींची नोंद ठेवायची, हे त्यांचं काम. एकदा खुद्द मोठ्या साहेबांचा पास आदल्या दिवशी संपला होता, तर काकांनी त्यांना पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसवलं. "चहा पाजला," काका म्हणतात, "पण बाहेर."

असा माणूस निवृत्त झाला की त्याचं काय होणार? सुरुवातीला ते सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसले. आठवड्याभरात दूधवाला, पेपरवाला आणि खुद्द आमचे चेअरमन यांच्याशी त्यांचे खटके उडाले. चेअरमननी हात जोडून त्यांना घरी पाठवलं. त्याच सुमारास काकांचा मुलगा निखिल कॅलिफोर्नियाला गेला, आणि त्याच्याशी बोलता यावं म्हणून घरात इंटरनेट आलं.

राउटर बसवायला आलेल्या माणसाने जाता जाता एक चूक केली. तो म्हणाला, "काका, नाव आणि पासवर्ड हवा तर बदला, पण ते 'ॲडव्हान्स्ड' म्हणून आहे ना, तिथे जाऊ नका."

"का? तिथे कोण असतं?" काकांनी विचारलं.

"कोणी नसतं. पण ते आपल्यासाठी नाही."

"कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"मग अधिकृत माणूस मीच की." तो माणूस खाली पोचून गाडीला किक मारेपर्यंत काका ॲडव्हान्स्डमध्ये शिरले होते.

तिथे त्यांना त्यांचं गेट परत मिळालं. कोण आत येतं, कोण बाहेर जातं, कुणाला किती वाजेपर्यंत मुभा, कुणाला आधी सोडायचं, सगळं तिथे होतं. राउटरच्या आतल्या पानाचा पत्ता, एकशे ब्याण्णव डॉट एकशे अडुसष्ट डॉट एक डॉट एक, ते आंघोळ करतानाही म्हणतात, असं काकूंनी मला सांगितलं आहे. वायफायचं नाव त्यांनी आधी "मुख्य द्वार" ठेवलं, मग ते झाकूनच टाकलं. "द्वार कुठे आहे ते लोकांना सांगायचंच कशाला?" आलेल्या-गेलेल्यांसाठी वेगळं नेटवर्क काढलं, त्याचं नाव "अभ्यागत".

घरातल्या यंत्रांच्या तीन वर्गवाऱ्या झाल्या. कायम, रोजंदारी आणि अभ्यागत. कायम वर्गात काका-काकूंचे फोन, काकूंचा टॅब आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. रोजंदारीत सुनंदाबाईंचा फोन. सुनंदाबाई नऊ ते अकरा धुण्याभांड्यांना येतात, म्हणून त्यांच्या फोनला नऊ ते अकरा नेट. अकराच्या ठोक्याला बंद. त्या ओट्यावर फोन टेकवून मालिका बघत भांडी घासतात, आणि सासूने सुनेवर हात उगारला की नेमके अकरा वाजतात. "काका, ती दोन भांडी राहिलीत, तेवढं उघडा की," त्या मोरीतून ओरडतात. "मुदतवाढीचा अर्ज?" काका आतून विचारतात. मग सुनंदाबाई भांडी आपटून अर्ज करतात.

नव्या टीव्हीला मात्र पास मिळालाच नाही. पडद्यावर "मला तुमचा आवाज ऐकण्याची परवानगी द्या" असं आलं आणि काका ताठ झाले. "घरात काय बोलतात ते ऐकून हा कुणाला सांगणार आहे?" टीव्हीने उत्तर दिलं नाही. दिलं असतं तरी बाकावर बसवला असता.

एकदा सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. चेहरा अगदी प्रसन्न. "मृदुलाताई, जरा या. मला आत घेत नाहीये."

झालं असं होतं की नवा फोन घेतल्यावर त्यांनी जुन्याचं नाव यादीतून खोडलं होतं आणि नव्याचं घालायच्या आधीच यादीला कुलूप ठोकलं होतं. त्याच नादात म्हाताऱ्या कॉम्प्युटरचंही नाव उडालं. गेटकीपर स्वतःच गेटाबाहेर. मी म्हटलं, "मागे छोटं भोक आहे, टाचणी घालून दाबलं की सगळं पहिल्यासारखं होईल." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कारखान्यात काडी ओढायला सांगितली होती. "चोख काम करतंय ते. मालकालासुद्धा सोडत नाही. त्याला शिक्षा कसली?" शेवटी मी घरून केबल आणली, ती कॉम्प्युटरला जोडली आणि काका मागच्या दाराने आत गेले. त्या प्रकाराची नोंदही रजिस्टरात आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, "स्वतः. कडक समज दिली."

आता हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की रिकामा माणूस, बसलाय खेळत. काकूंनाही तसंच वाटायचं. पण या साऱ्या खटाटोपाला एक कारण होतं, आणि ते दर रविवारी सकाळी नऊ वाजता यायचं.

रविवारी नऊला निखिलचा व्हिडिओ कॉल. तिकडे शनिवारची संध्याकाळ असते. कॉल यायच्या आधी पाच मिनिटं काका घरातलं एकूण एक यंत्र नेटवरून उतरवतात आणि सगळी वाट काकूंच्या टॅबसाठी मोकळी करतात. मंत्र्याची गाडी जायची असली की कर्वे रस्त्यावर करतात तसं. एकदा पावणेनऊला त्यांनी मला झोपेतून उठवलं होतं. "तुमचा राउटर सहाव्या चॅनलवर बसलाय. आमच्या शेजारीच. तासभर तो पहिल्या चॅनलवर नेता का?" रविवार होता, मी अंगावर चादर घेऊन दारात उभी होते, आणि तरी मी तो नेला. काकांना नाही म्हणण्यापेक्षा चॅनल बदलणं सोपं.

काकूंची तयारी आणखी वेगळी. निखिलला काय काय सांगायचं त्याची चिठ्ठी त्या आठवडाभर लिहितात. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे, एकाखाली एक मुद्दे. गुडघ्याचं औषध बदललं. शनिवार पेठेतल्या मावशींची नात बारावी झाली. लिंबाच्या कुंडीला पहिलं लिंबू. असे सहा मुद्दे दर आठवड्याला बदलायचे. सातवा तोच असायचा, दिवाळीला येतोस का?

काकू त्या सातव्यापर्यंत कधीच पोचल्या नव्हत्या. दहाव्या-बाराव्या मिनिटाला निखिल म्हणायचा, "आई, आवाज तुटतोय. तुमचं नेट अडकतंय. पुढच्या रविवारी बोलू हं." आणि चित्र नाहीसं व्हायचं. मग काकू चिठ्ठीची घडी करायच्या आणि दिवसभर राउटरवर, म्हणजे काकांवर, खवळलेल्या असायच्या. "अहो, चार वर्षं त्या डबड्याशी झटापट करताय, एक फोन नीट लागू देत नाही तो." काका मान खाली घालून म्हणायचे, "एक सेटिंग राहिलंय. बघतो."

यंदा गणपती झाले आणि काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अगं, तू कंपनीत दोष शोधायचंच काम करतेस ना? मग या रविवारी येऊन बस. दिवाळी तोंडावर आली. तिकिटं काढायची तर आत्ता काढायला हवीत त्याने. यांच्या भरवशावर माझा सातवा मुद्दा राहून जायचा."

मी लॅपटॉप घेऊन गेले. काकांनी पास दिला, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा मला जरा उतरलेला वाटला. मी टॅबच्या मागच्या बाजूला बसले आणि लाइन कुठे तुटते ते मोजणारा प्रोग्राम सुरू केला. तो दर सेकंदाला लाइन तपासतो, अडकली की पडद्यावर लाल रेघ येते.

नऊला निखिल आला. भिंतीवरच्या आरशात मला त्याचं चित्र दिसत होतं, अगदी स्वच्छ. औषध झालं, मावशींची नात झाली. काकू लिंबाचं सांगत होत्या तेव्हा त्याच्या मागून कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने मान वळवली, हाताने "आलोच" अशी खूण केली आणि पुन्हा इकडे बघून म्हणाला, "आई, तुझा आवाज तुटतोय गं. काही ऐकू येत नाहीये."

"अरे थांब, एवढं एकच विचारायचंय," काकू म्हणाल्या.

"नको आता, पुढच्या रविवारी विचार," तो म्हणाला, आणि गेला.

ऐकू येत नव्हतं म्हणणाऱ्याने उत्तर मात्र बरोबर दिलं होतं. मी माझ्या पडद्याकडे पाहिलं. अकरा मिनिटांत एकही लाल रेघ नव्हती. मला इतका संताप आला की मी लॅपटॉप घेऊन उठलेच. काका दारात उभे होते. "या, तुम्हाला आतलं सेटिंग दाखवतो," ते घाईने म्हणाले आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेले.

दार लोटून घेऊन ते म्हणाले, "बस." चार वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलले.

"काका, तुमच्या नेटमध्ये काही दोष नाही. तो खोटं..."

"माहीत आहे."

त्यांनी रजिस्टर काढलं आणि रविवारची पानं माझ्यासमोर धरली. वेळ, यंत्र, आत, बाहेर, शेरा. पहिल्या सहा महिन्यांचे शेरे निरनिराळे होते. चॅनल तपासला, वायर बदलली, राउटर खिडकीपासून हलवला. त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच सुवाच्य अक्षर आणि तेच शब्द. "लाइन चालू. पलीकडून बंद." मी पानं उलटत गेले. तीन वर्षांहून जास्त रविवार होते.

"सुरुवातीला मलाही राउटरच वाटला," काका म्हणाले. "मनापासून दुरुस्त करत होतो. मग ही आतली नोंद वाचायला शिकलो. चौतीस वर्षं गेटवर बसल्यावर माणूस घाईत आहे की टाळतोय ते कळतं गं. वाईट नाही तो. शनिवारची संध्याकाळ असते, मित्र असतात. आईचं लिंबू किती वेळ ऐकणार?"

"मग दर आठवड्याला ही सेटिंगं कशाला बदलत बसता?"

"काहीतरी बदललेलं दिसायला नको का तिला? माझ्यावर चिडली तर संध्याकाळपर्यंत उतरतं तिचं. त्याच्यावर चिडायचीच नाही ती. नुसती गप्प होईल." त्यांनी रजिस्टर मिटलं. "आणि तो सातवा मुद्दा राहतोय तेच बरं आहे. विचारलं तर तो नाही म्हणेल."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि कप माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "सापडला का गं दोष?"

दोष शोधून तो स्पष्ट लिहून द्यायचा, कुणाला वाईट वाटलं तरी, याचा मला पगार मिळतो. काका खिडकीबाहेर बघत होते.

"सापडला काकू," मी म्हटलं. "माझ्याच राउटरची ढवळाढवळ होते. पुढच्या रविवारी मी माझा बंदच ठेवते."

"बघा, मी म्हणत नव्हते का?" काकूंचा चेहरा उजळला. "तरी पण मी आता धोका पत्करत नाही. पुढच्या वेळी सातवा मुद्दाच पहिला घेते. लिंबू राहिलं तरी चालेल."

काकू गेल्यावर काकांनी दार पुन्हा लोटून घेतलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "निखिलला निरोप लिहितो. तू बघून दे. माझं मराठी सरकारी होतं." त्यांनी एका बोटाने लिहिलं ते असं होतं:

"चि. निखिल यास अनेक आशीर्वाद. येत्या रविवारी तुझी आई सर्वप्रथम दिवाळीविषयी विचारणार आहे. यायचं जमणार नसल्यास शनिवारपर्यंत मला कळवावे. म्हणजे तिने विचारताच मी इकडून लाइन बंद करीन. तुला काही बोलावं लागणार नाही. प्रकृतीस जपावे."

मी एकही शब्द बदलला नाही. निरोप गेला, निखिलने वाचल्याची खूणही आली. उत्तर मात्र आलं नाही. सोमवारी नाही, बुधवारी नाही. शनिवारी जिन्यात काका मला म्हणाले, "उत्तर नाही म्हणजे नकारच समजायचा."

रविवारी मी माझा राउटर बंद केला आणि पावणेनऊलाच त्यांच्याकडे गेले. घरी बसवतच नव्हतं. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती. काका मागच्या खोलीच्या दारात, राउटरच्या भिंतीवरच्या बटणाजवळ उभे होते. तिथून टॅबही दिसत होता आणि हातही पोचत होता.

निखिल आला. काकूंनी कसा आहेस तेही विचारलं नाही. "निखिल, दिवाळीला येतोस का रे?"

त्याने तोंड उघडलं. "आई, मी..."

आणि काकांनी बटण दाबलं. चित्र गेलं.

"अहो, काय झालं हे?"

"लाइट गेली वाटतं," काका म्हणाले. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

काकूंनी पंख्याकडे पाहिलं, मग काकांकडे. त्या काही बोलणार एवढ्यात काकांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. व्हिडिओ नाही, साधा फोन. काकांनी तो उचलला. काकांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा स्पीकर कायम चालू असतो, त्यामुळे आम्हा तिघांनाही निखिलचा आवाज नीट ऐकू आला.

"बाबा, मला बोलू तरी द्यायचं होतं. आईकडे द्या."

चार वर्षांत त्या घरात निखिलचा एकदा तुटलेला कॉल पुन्हा लागला नव्हता. काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि मागच्या खोलीत निघून गेले. मी त्यांच्या मागे गेले. बाहेरून काकूंचं बोलणं येत होतं. "दिवाळीला नाही का... बरं. नाही, नाही, रडत नाहीये. मार्चमध्ये? मार्चमध्ये किती दिवस? तीन आठवडे का, बरं..." मग जरा वेळाने कॅलेंडरचा कागद उलगडल्याचा आवाज आला, आणि त्या पुन्हा गुडघ्याच्या औषधापासून सांगू लागल्या.

काका बटणाजवळ उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. राउटरचे सगळे दिवे विझलेले होते.

"हे लावू का परत?" त्यांनी मला हळूच विचारलं. जिथे तिथे परवानगी देणारा हा माणूस पहिल्यांदाच कुणाची तरी परवानगी मागत होता.

"राहू द्या काका थोडा वेळ," मी म्हटलं. "चाललंय ना त्यांचं."

तेव्हा ते भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. बाहेर काकू लिंबापर्यंत पोचल्या होत्या, आणि निखिल विचारत होता, केवढं झालंय गं?